सातव्या वहीची जाडी

टेबलाचा मागचा डावा पाय बाकीच्या तीन पायांपेक्षा अकरा मिलिमीटरने आखूड होता. धाकटीने तो दोनदा मोजला होता, एकदा थंडीत आणि एकदा उन्हाळ्यात, कारण लाकूड हवेप्रमाणे फुगते आणि आकसते. दोन्ही वेळा अकराच भरले. त्या पायाखाली निळ्या पुठ्ठ्याची एक वही होती. तीही अकरा मिलिमीटर जाड होती, म्हणजे आता होती. ठेवली तेव्हा चौदा असावी. तीन वर्षांत तीन मिलिमीटर दबली, वर्षाला एक.

टेबलावर दादाची पेटी होती, त्यामुळे टेबल हलून चालणार नव्हते.

दुकान त्यांच्या बाबांनी काढलेले. दारावरच्या पाटीवर तीनच शब्द होते: ‘गळती शोधून मिळेल.’ कुणाच्या छताला डाग पडला, भिंतीला ओल आली, की बाबा जायचे आणि पाणी नेमके कुठून येते ते शोधून द्यायचे. मग मिस्त्री तेवढीच जागा फोडायचा. शोधणे सोपे नसते. पाणी एका खोलीत शिरते, दुसऱ्या खोलीतून चालत जाते आणि तिसऱ्या खोलीत तोंड दाखवते.

बाबांचे दोन नियम होते. पहिला, जो सही करील त्याने जबाबदारी घ्यायची. पाणी सांगितल्या जागी सापडले नाही, तर भिंत आपल्या खर्चाने भरून द्यायची. दुसरा, प्रत्येक चूक वहीत लिहायची. बरोबर निघालेले काम ते कुठेच लिहीत नसत. “ते भिंतीला माहीत आहे,” म्हणायचे. एकतीस वर्षांच्या चुका सात वह्यांत बसल्या होत्या. बाबा गेल्यावर सहा वह्या धाकटीने आपल्या कपाटात ठेवल्या. सातवी तिने मुद्दामच मागे ठेवली आणि दादाने ती टेबलाखाली घातली, तेव्हा ती काही बोलली नाही.

दादा तिच्याहून सहा वर्षांनी मोठा. माणूस दिलदार, बोलका, आणि नव्या गोष्टीमागे धावण्यात पटाईत. तीन वर्षांपूर्वी त्याने ती पेटी आणली. भिंतीचे फोटो टाकले की पेटी विचार करायची आणि बावीस पानांचा अहवाल काढायची, आकृत्यांसकट. अख्ख्या शहरात तशी पेटी दुसऱ्या कुणाकडे नव्हती. पहिले वर्षभर दादाचे पाय जमिनीला लागले नाहीत. तो रोज सकाळी पेटी मऊ फडक्याने पुसायचा.

“मला कधी एवढ्या मायेनं हात लावलात का हो?” वहिनी टेलिफोनजवळच्या खुर्चीतून विचारायची. दुकानाचा फोन ती सांभाळायची आणि पेटीला सवत म्हणायची.

दुसऱ्या वर्षी त्याच रस्त्यावरच्या आणखी तिघांनी तसली पेटी घेतली. तिसऱ्या वर्षी पेटीची गरजच उरली नाही. तेच डोके प्रत्येकाच्या फोनमध्ये फुकटात येऊन बसले. आता लोक दुकानात फोन करायचे ते निदान घेऊनच. “बाथरूमची डावीकडून तिसरी फरशी. फोडायला माणूस पाठवा. शोधायचं वगैरे काही नाही, ते आमच्या मुलीनं शोधलंय. सातवीत आहे.”

वहिनी फोन ठेवायची आणि सवतीकडे बघून म्हणायची, “घ्या. सातवीतली पोर तुमच्यापुढं गेली.”

अशातच एका मोठ्या कंपनीचे पत्र आले. इमारतींची देखभाल करणारी कंपनी. दुकान विकत घ्यायला तयार होती. दादाला आणि धाकटीला त्यांच्या मोठ्या कचेरीत खुर्च्या मिळणार होत्या. दादा एका पायावर तयार होता. पण दुकान दोघांच्या नावावर होते, आणि धाकटी अकरा महिने एकच शब्द बोलत होती.

“बघू.”

“अगं, किती वेळा बघू?” दादा म्हणायचा. “फूटपट्टी, तू नुसती बघतच बसणार, आणि आपल्या दुकानाला कुणी फुकटातही विचारणार नाही.”

फूटपट्टी हे तिचे शाळेपासूनचे नाव. ती रागवायची नाही. चौतीस वेळा बघू म्हटले होते, हेही तिला ठाऊक होते. पण ‘हो’ म्हणावे तर बाबांची पाटी उतरते, आणि ‘नाही’ म्हणावे तर दुकान चालवायला कुणीतरी उभे राहायला हवे. उभे राहायचे म्हणजे सही करायची. धाकटीने चौदा वर्षे कशावरही सही केली नव्हती. ती मापे घेई, आलेख काढी, सांगून मोकळी होई. सही आधी बाबांची असायची, मग दादाची, आणि आता तर पेटी दादाची सही आपली आपणच छापायची. बाविसाव्या पानावर, सहीच्या खाली, बारीक अक्षरात एक ओळही छापायची: ‘सदर अहवाल केवळ माहितीसाठी असून त्यावरून केलेल्या तोडफोडीस आम्ही जबाबदार नाही.’

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास दुकानात एक बाई आल्या. सत्तरीच्या, ताठ, काखेत कागदांचे चार गठ्ठे. त्यांनी आधी पाटी वाचली, मग खुर्चीवरची धूळ रुमालाने झटकली, मग बसल्या. निवृत्त मुख्याध्यापिका आहेत हे त्यांनी सांगायच्या आधीच मिस्त्री स्टुलावरून उठून उभा राहिला होता.

“बस,” बाई त्याला म्हणाल्या. “माझ्या छताला डाग आहे. शेवटच्या मजल्यावर राहते. चार ठिकाणांहून अहवाल घेतले. हे बघा.”

चारही गठ्ठे त्यांनी टेबलावर शेजारी शेजारी मांडले. दादाने पुढे होऊन चाळले, आणि त्याचा चेहरा हळूहळू उतरला. चारही अहवाल एकसारखे होते. बावीस पाने. तीच आकृती, तीच वाक्ये, बाराव्या पानावर ‘झिरपणे’ या शब्दातली तीच चूक.

“कॉपी,” बाई म्हणाल्या. “चौघांनी एकाच मुलाचा पेपर बघून लिहिलाय. मी छत्तीस वर्षं मुलं पकडली आहेत, मला शिकवू नका. सगळे म्हणतात गच्चीतून पाणी येतं. गच्ची दोनदा नवी केली. आमच्या इमारतीच्या सेक्रेटरींनी सगळ्यांकडून वर्गणी काढून करवून घेतली. डाग तिथंच.”

“आम्ही आमचा अहवाल देतो ना,” दादा उत्साहाने म्हणाला. बाईंनी आणलेले फोटो त्याने पेटीत टाकले. पेटी गुरगुरली. थोड्या वेळात पाचवा गठ्ठा बाहेर आला. गच्ची. बावीस पाने. बाराव्या पानावर ‘झिपरणे’.

वहिनीने घसा खाकरला.

“आणि ही शेवटची ओळ,” बाईंनी चष्मा सरळ केला. “एकवीस पानं ज्ञान आणि बाविसाव्या पानावर हात वर. मुलानं माझ्या वर्गात असं केलं असतं, तर त्याला बाकावर उभं केलं असतं.”

“घरी कुणी येऊन पाहिलं का?” धाकटीने कोपऱ्यातून विचारले.

“कोण येतंय? फोटो पाठवा म्हणाले.” बाईंनी पर्समधून एक लांबट वही काढली. “हे दाखवायला मी प्रत्येकाकडे नेलं. कुणी उघडूनही बघितलं नाही.”

ते हजेरीपत्रक होते. शाळेतले, खरेखुरे, रकाने आखलेले. विद्यार्थ्याच्या नावाच्या जागी ‘डाग’ असे लिहिले होते आणि पुढे चार महिन्यांची हजेरी. डाग ओला असेल तर ‘ह’, कोरडा असेल तर ‘गै’. धाकटीने बोट फिरवले. पाऊस पडला त्या दिवशी गैरहजर. कडक ऊन होते त्या दिवशी हजर. ‘ह’ एकामागोमाग एक, सात-सात दिवसांच्या अंतराने, एका सरळ रेघेत.

“हा फक्त गुरुवारी संध्याकाळी वाढतो,” बाई म्हणाल्या.

धाकटीच्या ओठांवर एक वाक्य आपोआप आले, पाण्याला वार कळत नाही. तिने ते गिळले. ते वाक्य तिने पूर्वी एकदा कुणाला तरी ऐकवले होते.

“बघू,” ती म्हणाली. “म्हणजे, खरंच येऊन बघू.”

बाई गेल्या. धाकटी उठून टेबलाजवळ गेली आणि गुडघ्यांवर बसली.

“मिस्त्रीकाका, हे टेबल जरा मागून उचला.”

“अगं ए!” दादा ओरडला. “वर पेटी आहे!”

मिस्त्रीने तोवर टेबल उचललेही होते. बाईंसमोर आपोआप उठून उभे राहिल्यापासून त्याला काहीतरी करून दाखवायचे होते. पेटी उताराला लागली. दादाने झेप घेऊन तिला दोन्ही हातांनी मिठी मारली, गाल तिच्या थंड पत्र्यावर टेकला.

“अहो, माणसं बघतायत,” वहिनी म्हणाली.

धाकटीने वही ओढून काढली. “ठेवा आता.”

“कशावर ठेवा? टेबल डुगडुगेल!” दादाचा आवाज पेटीच्या पत्र्यातून आल्यासारखा येत होता.

धाकटीने टेबलावरचे गठ्ठे बघितले. बाई ते मागेच ठेवून गेल्या होत्या. पाच अहवाल, बावीस-बावीस पाने, एकशेदहा. त्या जातीच्या कागदाची जाडी एका मिलिमीटरचा दहावा भाग. तिने पाचही गठ्ठे एकावर एक रचले, कडा जुळवल्या आणि पायाखाली सरकवले. टेबल जराही हलले नाही.

“बरोबर अकरा,” ती समाधानाने म्हणाली. दादाने मिठी सोडली आणि मऊ फडके घेऊन पेटी पुसायला लागला.

वही घेऊन ती खिडकीपाशी बसली. हवे ते पान कुठे असेल याचा तिला अंदाज होता. चौदा वर्षे ते पान तिने उघडले नव्हते. पदवी घेऊन ती नुकतीच दुकानात आली होती, नवी कोरी उपकरणे घेऊन, आणि बाबांनी पहिल्यांदा तिला सही करू दिली होती. बाबांचे अक्षर उजवीकडे झुकलेले होते, घाईत असल्यासारखे.

‘चूक क्रमांक २०६. शेवटचा मजला, छताला डाग. धाकटीने बहात्तर ठिकाणी ओलाव्याची मापे घेतली. मापे अचूक. घरातल्या बाई तीनदा म्हणाल्या की डाग रविवारी वाढतो. धाकटी म्हणाली, पाण्याला वार कळत नाही. गच्ची फोडली. गच्ची कोरडी. पुढच्या रविवारी मी स्टूल घेऊन वर बसलो. शेजारचे गृहस्थ गालिचे धुतात, पाणी अँटेनाच्या जुन्या नळीतून खाली उतरते. पाण्याला वार कळत नाही हे खरे, पण माणसाला कळतो. गच्ची भरून दिली. बाईंनी तरीही चहा दिला. लाज वाटली. दोन कप घेतला.’

खाली, थोडी जागा सोडून, वेगळ्या शाईत लिहिले होते:

‘धाकटी रुसली आहे. पुन्हा सही करणार नाही म्हणते. बघू.’

धाकटीने तो शेवटचा शब्द नखाने हलकेच खरवडून पाहिला, जणू तो नंतर कुणी लिहिला असावा. शाई जुनीच होती.

गुरुवारी दुपारी तीन वाजता ती आणि मिस्त्री बाईंच्या इमारतीच्या गच्चीवर पोचले. गच्चीच्या दारावर पाटी होती: ‘गच्चीवर जाण्यास सक्त मनाई आहे. हुकमावरून, सेक्रेटरी.’ किल्ली बाईंनी मिळवली होती. कशी, ते त्यांनी सांगितले नाही. रखवालदार त्यांचा विद्यार्थी होता एवढेच म्हणाल्या.

कोपऱ्यात पाण्याच्या जुन्या टाकीचा चौथरा होता. टाकी कधीच काढून नेली होती, तिच्याभोवतीचा बुटका सिमेंटचा कट्टा तेवढा उरला होता, उथळ हौदासारखा. धाकटीने टेप काढला. लांबी एक मीटर वीस, रुंदी नव्वद सेंटिमीटर. तळाशी पाणी जायला एक भोक. आणि आतल्या बाजूला, तळापासून बरोबर सहा सेंटिमीटरवर, भिंतीत एका गंजक्या नळीचे तोंड. तिच्यात पूर्वी टीव्हीची वायर असणार.

“पण पावसाचं पाणी त्या भोकातून निघून जातं,” ती स्वतःशीच म्हणाली. “सहा सेंटिमीटर साठतच नाही.”

“मग साठवतं कोण, ताई?” मिस्त्री म्हणाला.

“बघू.”

ते जिन्याच्या खोलीमागे स्टूल टाकून बसले. मिस्त्रीने तिला आपल्या तीन साडूंच्या भांडणाची हकीकत सांगितली. ती मधल्या साडूपर्यंत आली असताना गच्चीचे दार करकरले.

आधी एक कुत्रा आला. वासराएवढा, केसाळ, पुढे काय होणार ते माहीत असल्यासारखा मान खाली घालून. त्याच्यामागे एक गृहस्थ, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, एका हातात बादली, दुसऱ्यात शाम्पूची बाटली, खांद्यावर जुना टॉवेल. त्यांनी मागेपुढे पाहिले, टॉवेलाचा बोळा केला आणि कट्ट्याच्या तळाचे भोक त्याने घट्ट बुजवले. मग नळाखाली बादली भरली आणि हौदात ओतली. एक, दोन, तीन. धाकटी ओठांनी मोजत होती. पाच बादल्या, प्रत्येकी पंधरा लिटर. कुत्रा आत उभा राहिला आणि फेसात दिसेनासा झाला.

“सात सेंटिमीटर,” धाकटी कुजबुजली. “वरचा एक सेंटिमीटर नळीत जातो. दर गुरुवारी जवळजवळ अकरा लिटर.”

ती टेप घेऊन पुढे झाली. “नमस्कार. जरा मापू का?”

गृहस्थांच्या हातातली बाटली पाण्यात पडली. कुत्र्याने तेवढ्यात अंग झटकले आणि तिघेही ठिपक्याठिपक्यांचे झाले.

“मी... मी इथला सेक्रेटरी आहे,” ते म्हणाले. “वर यायला मनाई आहे.”

“पाटी वाचली,” धाकटी म्हणाली. “भोक का बुजवता?”

सेक्रेटरींनी एकदा कुत्र्याकडे आणि एकदा दाराकडे पाहिले. “फेस पाइपातून खाली अंगणात जातो हो. तळमजल्यावरच्यांना कळलं तर... मीच नियम केलाय ना, कुत्री गच्चीवर नेऊ नयेत म्हणून. घरात आंघोळ घातली तर ही बोलते. गुरुवारी ती बहिणीकडे जाते.” आवाज अगदी खाली आला. “कुणाला सांगणार नाही ना?”

“गच्चीची वर्गणी दोनदा कुणी काढली?”

आवाज दारातून आला होता. बाई तिथे उभ्या होत्या, काखेत हजेरीपत्रक. सेक्रेटरींनी शाम्पूच्या हातांनीच नमस्कार केला.

“पुढच्या गुरुवारी,” बाई म्हणाल्या, “टॉवेल न लावता आंघोळ घालायची. डाग गैरहजर पाहिजे. आणि नोटीस बोर्डावर स्वतःच्या हातानं लिहायचं, गळती कशामुळं होत होती ते. शुद्धलेखन मी तपासीन.” मग त्या धाकटीकडे वळल्या. “शाबास. आता मला लिहून दे. पाणी इथून येत होतं, नळी बंद केल्यावर येणार नाही, आणि आलं तर तू जबाबदार. खाली सही.”

धाकटीच्या हातातला टेप सर्रकन आपल्या डबीत गेला.

“दादाला... म्हणजे, बघू,” ती म्हणाली.

बाईंनी तिच्याकडे बराच वेळ पाहिले. उत्तर येत असूनही हात वर न करणाऱ्या मुलीकडे बघावे तसे. “उद्या दुकानात येते,” म्हणाल्या.

शुक्रवारी बाईंच्या आधी कंपनीचा माणूस आला. इस्त्रीचा, सुगंधी, बोलणे तेल लावल्यासारखे. वहिनीने त्याचे नाव कधीचेच ‘गुळगुळीत’ ठेवले होते. दादाने त्याला पेटीसमोर नेले, आच्छादन काढले, एक नमुन्याचा फोटोही टाकला.

“छान आहे,” गुळगुळीत म्हणाला, पेटीकडे न बघता. “पण खरं सांगू का, दादासाहेब? हे आता कुणीही देतं. आम्ही तर आमच्या लिफ्टमध्येसुद्धा बसवलंय. यासाठी नाही मी आलो.”

“मग गिऱ्हाइकांची यादी?”

“तीही आहे आमच्याकडे.” तो जरा पुढे वाकला. “तुमच्याकडे म्हणे चुकांच्या वह्या आहेत. सात.”

दादाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. घराण्याची अब्रू सात वह्यांत भरून ठेवली आहे असेच त्याला कायम वाटत आले होते. पाहुणे आले की तो कपाटापुढे उभा राही. “कोण म्हणालं?”

“मी,” वहिनी फोनजवळून म्हणाली. “त्यांनी फोनवर विचारलं, तुमच्याकडे दुसऱ्यांकडे नाही असं काय आहे? मी म्हटलं, चुका. त्या मात्र अस्सल आहेत.”

“अगदी खरं बोलल्या वहिनी,” गुळगुळीत म्हणाला. “बरोबर उत्तरं जगातल्या सगळ्या यंत्रांनी वाचून झाली. म्हणून तर सगळी एकसारखं बोलतात. आपण कुठं फसलो हे मात्र कुणी लिहून ठेवत नाही. तेवढ्या सात वह्या द्या. दुकान घेऊ, खुर्च्या देऊ, आकडाही वाढवून देऊ.”

दादा खुर्चीत बसला. पेटीकडे त्याने एकदा पाहिले, तिच्या टेबलाकडे पाहिले, आणि त्या पायाखाली आता काय आहे तेही त्याला आठवले असावे. “म्हणजे तीन वर्षं,” तो म्हणाला, “मी मौल्यवान वस्तू खाली ठेवली होती आणि टेकू वर.”

मिस्त्री हसला, पण त्याने ते खोकल्यात लपवले.

तेवढ्यात बाई आल्या. आज एकट्या नव्हत्या, म्हणजे माणूस दुसरे कुणी नव्हते, पण त्यांच्या हातात एक यादी होती. “आमच्या इमारतीत सतरा घरांत डाग आहेत,” त्यांनी बसताबसता सांगितले. “काल सेक्रेटरींची नोटीस लागल्यावर सगळे माझ्याकडे आले. सगळ्यांच्या फोनमध्ये बावीस-बावीस पानं आहेत. सही कुणाकडे नाही. येऊन बघणारी आणि सही करणारी कोण ती, असं विचारतायत. माझा कागद झाला?”

“जबाबदारीची सही?” गुळगुळीत सौम्यपणे मध्ये पडला. “ते आमच्याकडे चालणार नाही हं, ताई. आमचे वकील परवानगी देत नाहीत. आपण फक्त माहिती द्यायची.”

धाकटी सातवी वही हातात घेऊन उभी होती. ती मनातल्या मनात आकडेमोड करत होती. वह्या यंत्रात गेल्या, की सहा महिन्यांत प्रत्येक फोनला गालिचे कळतील, कुत्रेही कळतील. मग तेही फुकट. मग पाणी आणखी कुठून तरी येईल, जिथून आजवर आलेले नाही, आणि तिथे कुणाला तरी स्टूल टाकून बसावेच लागेल. आपण चुकूही. चुकलो तर भिंत भरावी लागेल, आणि बहुधा चहाही घ्यावा लागेल. हिशोबात हे सगळे बसत होते. न बसणारी गोष्ट एकच होती, पुन्हा सही करण्याची भीती, आणि ती कुठल्याच उपकरणाने मोजता येण्यासारखी नव्हती.

“फूटपट्टी,” दादा म्हणाला. आवाजात या वेळी चिडणे नव्हते, थकणेही नव्हते. “तू सांगशील तसं. पण पस्तिसावं बघू नको. एकदा काय ते बोल.”

वहिनीने टेलिफोन उचलून बाजूला काढून ठेवला. मिस्त्री स्टुलावरून उठला. बाईंनी आपले पेन उघडून टेबलावर ठेवले, टोक धाकटीच्या बाजूला.

धाकटीने वही उघडून ते पान एकदा बघितले, मिटली, आणि पेन उचलले.

“दुकान विकायचं नाही, दादा,” ती म्हणाली. “वह्यांच्या नकला यांना हव्या तर देऊ, आठवी आपण नवी आणू. अहवाल उद्यापासून फुकट द्यायचा, कितीही पानं असोत. पैसे फक्त सहीचे घ्यायचे. आणि सही मी करणार.”